दुसरं बटण

"ही झाडं समुद्रात काय करतायत?" प्रमुखांनी विचारलं.

तिने पडद्याकडे पाहिलं. निळ्याशार पाण्यात, कुठल्याही किनाऱ्यापासून लांब, साठसत्तर हिरवे ठिपके दाटीवाटीनं उभे होते.

"पोहतायत, सर."

"नकाशेबाई."

"जागेचा आकडा भरायचा राहिला की मशीन तिथे शून्य धरतं. आणि शून्य-शून्य जिथे येतं तिथे नेमका समुद्र आहे. त्याला मी काय करू?"

"मग काढा बाहेर. भिजतील."

वनसंशोधन संस्थेत नकाशे आणि आकडे सांभाळायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून सगळे तिला नकाशेबाई म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कामाला यायचं. समुद्रात पडलेली झाडं बाहेर काढून डोंगरावर नेऊन लावायची. एखादं झाड मोजणीच्या मागच्या खेपेपेक्षा बारीक झालं असेल तर त्याचं काय बिनसलंय ते बघायचं. मेलेलं झाड पुढच्या खेपेला जिवंत होऊन वाढायला लागलं असेल तर त्याला रीतसर मारायचं. हे सगळं खुर्चीत बसून. जंगल ती रोज बघायची, पण वरून. हजारो झाडं तिला नंबरानिशी ठाऊक होती, आणि त्यातलं एखादं वाटेत आडवं आलं असतं तर ओळख पटली नसती.

प्रमुख खरं तर समुद्रासाठी आलेच नव्हते. त्यांना वाढीचा नकाशा हवा होता. खोऱ्यातल्या जंगलाची बावीस वर्षांची वाढ, मंद तिथे फिका हिरवा, जोरात तिथे गडद. पंधरा दिवसांनी परिषद होती आणि तिथे प्रमुख उभं राहून सांगणार होते की आमच्याकडची म्हातारी झाडं वय होईल तशी जास्तच जोमानं वाढतायत. असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. प्रमुख आठवडाभर शिट्टी वाजवत जिने चढत होते.

ते गेल्यावर तिने नकाशा मोठा केला, आणि बघता बघता तिचा चहा गार झाला.

गडद हिरवा रंग जीपच्या कच्च्या रस्त्याशी येऊन सुरीनं कापल्यासारखा संपत होता. रस्त्याच्या पलीकडे सगळं फिकं. दोन्हीकडे माती तीच, पाऊस तोच, ऊनही तेच. फरक एकच होता. रस्त्याच्या पश्चिमेची झाडं बावीस वर्षं तिच्या बाबांनी मोजली होती आणि पूर्वेची त्यांच्या जोडीदारानं, काठीवाल्या काकांनी. ही वाटणी संस्थेनं एका दुपारी कागदावर रेघ मारून केली होती. जंगलाला कुणी कळवलेलं नव्हतं. मग ते इतकं काटेकोरपणे का पाळत होतं?

समुद्रातली झाडं तिने तशीच पोहत ठेवली आणि घरी गेली.

बाबा स्वयंपाकघरात चहाचा डबा फळीवर ठेवायची खटपट करत होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण अंगात अजून वनखात्याचाच शर्ट. सगळ्या शर्टांचं माप एक, कापड एक, बटणं एक.

"ह्या फळ्या वर सरकवल्यात त्या रंगाऱ्यांनी," बाबा म्हणाले. "रंग देताना काढल्या आणि बसवताना वर बसवल्या. माणसानं काय शिडी लावून चहा करायचा?"

हे ती वर्षभर ऐकत होती आणि वर्षभर हसत होती. न्हाणीघरातला आरसाही त्याच रंगाऱ्यांनी वर नेला होता. फाटकाची कडीसुद्धा, आणि फाटकाला तर रंगही दिलेला नव्हता.

"द्या इकडे." तिने डबा ठेवला.

"काय म्हणतंय जंगल?" त्यांनी रोजच्यासारखं विचारलं. गावाकडच्या भावाची चौकशी करावी तसं. ती रोज म्हणायची, बरं आहे. ते म्हणायचे, वाढतंय ना? ती म्हणायची, वाढतंय. मग ते निवांत चहा प्यायचे.

आज ती त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत होती.

झाडाचा घेर मोजायचा तो दर खेपेला जमिनीपासून एकाच उंचीवर, एकशे तीस सेंटिमीटरवर. कारण खोड बुंध्याकडे जाडच होत जातं. टेप खाली सरकली की झाड फुकटात वाढतं. ती उंची धरण्यासाठी खात्यानं दोघांनाही खूण केलेली एकेक काठी दिली होती. बाबांची काठी पहिल्याच महिन्यात ओढ्याच्या पुरात वाहून गेली. पण त्याआधी बाबांनी एक शोध लावला होता. काठीशेजारी ताठ उभं राहिलं की खूण बरोबर शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी यायची. "मला देवानं मोजायलाच बनवलाय," ते सगळ्यांना सांगायचे. काठी विसरते, हरवते, मोडते. बटण तुटलं तर आई लगेच शिवून द्यायची. दुसरा माणूस प्रत्येक झाडाला काठी लावून बघायचा, म्हणून बाबांनी त्याचं नाव काठीवाला ठेवलं, आणि ते खात्यात सगळ्यांच्या तोंडी बसलं.

दाराआड खिळ्याला बाबांची टेप लटकत होती. तिने ती काढली आणि टोक त्यांच्या पायाशी जमिनीला टेकवलं.

"काय करतेस?"

"माप घेतेय. तुम्हाला नवा शर्ट शिवू या."

"शिंपी जमिनीपासून माप घेत नाही," बाबा म्हणाले.

टेप बटणापर्यंत आली. बाबांनी मान खाली घातली आणि जन्माच्या सवयीनं आकडा मोठ्यानं वाचला, "एकशे सोळा!" जंगलात वाचत तसा. तिथे दुसरा कुणी तरी तो परत उच्चारून लिहून घ्यायचा. इथे कुणीच उच्चारला नाही.

"परत घे," बाबा म्हणाले. "मी श्वास सोडला होता."

तिने परत घेतलं.

"एकशे सतरा," ते म्हणाले. मग बराच वेळ त्या सतराकडे बघत राहिले.

आकड्यांमधला मिलिमीटरचा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे. तिच्यासमोर रोज जेवायला बसणारा माणूस अर्ध्या विताहून जास्त खाली आला होता, आणि ते कळायला तिला अख्ख्या खोऱ्याचा नकाशा काढावा लागला होता.

"पट्टे," बाबा एकदम म्हणाले.

"कसले पट्टे?"

"मोजून झालं की मी त्या जागी खोडाला पांढरा पट्टा मारायचो. दोन वर्षांनी पुढच्या खेपेला जायचो, तर पट्टा वर गेलेला असायचा. मग मी माझ्या बटणाशी नवा मारायचो."

"बाबा, झाड शेंड्याकडून वाढतं. खोडावरची खूण वर जात नाही."

"ते मला नको सांगूस. नव्या पोरांना मीच शिकवायचो ते." त्यांनी टेप तिच्या हातातून घेतली आणि गुंडाळायला लागले. "पण जायचा गं तो वर. दर खेपेला नखभर. मी म्हटलं, असेल. आपली झाडं वेगळी असतील."

टेप गुंडाळून झाली तरी त्यांचा अंगठा तिच्यावर फिरत होता.

"मग जंगल वाढलंच नाही?"

"वाढलं. आपण म्हणत होतो तेवढं नाही."

"म्हणजे बावीस वर्षं मी माझी पाठ मोजली." ते स्टुलावर बसले. "त्याला एवढं लांब कशाला जायला हवं होतं?"

चहा तिने केला. तो त्यांनी घेतला, पण निवांत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमच्या वडिलांची पाठ वाकली म्हणून जंगल वाढलं, असं मी परिषदेत उभं राहून सांगू?"

"बसून सांगितलंत तरी चालेल, सर."

प्रमुख हसले नाहीत. वाईट माणूस नव्हता तो. शिट्टी बंद झाल्याचं दुःख त्यालाही होतंच. "पश्चिमेचा भाग गाळून टाका," ते म्हणाले. "बावीसच्या बावीस वर्षं. तिथे पांढरं ठेवा आणि खाली लिहा, माहिती उपलब्ध नाही."

तिच्या डोळ्यांसमोर तो नकाशा आला. रस्त्याच्या पूर्वेला फिकं हिरवं जंगल आणि पश्चिमेला कोरा कागद. बाबा पावसात, उन्हात, जळवा उपटत त्या कोऱ्या कागदावरून चालत होते, आणि कागदावर त्यांचा एक ठिपकाही पडत नव्हता.

"माहिती उपलब्ध आहे, सर," ती म्हणाली. "थोडी वाकलेली आहे, एवढंच."

मग तिने पट्ट्यांचं सांगितलं. जुने पट्टे खोडांवर अजून असतील, तर कुठल्या खेपेला टेप किती खाली होती ते दिसेल. आज प्रत्येक पट्ट्यावर घेर घेतला, की प्रत्येक खेपेत फुकटची वाढ किती ते कळेल. तेवढी वजा केली की खाली उरेल ती खरी. एक आकडाही गाळावा लागणार नाही.

"आणि पट्टे नसले तर?"

"तर मी स्वतः गाळते. तुम्हाला सांगावं लागणार नाही."

प्रमुखांनी चष्मा परत घातला. "शुक्रवारपर्यंत," ते म्हणाले.

जीप काठीवाले काकाच चालवत होते. त्यांच्या निवृत्तीला अजून वर्ष होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले होते. न्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण ते सकाळीच जीपमध्ये जाऊन बसले आणि सीटचा पट्टा लावून घेतला.

"काठी आणलीस?" बाबांनी विचारलं.

"आणलीय. मागे आहे."

"फार हसलो मी तुझ्या काठीला."

"हसलास की. एकदा तर चुलीत घालायला निघाला होतास."

"थंडी होती."

"हो. थंडी होती," काका म्हणाले, आणि गिअर बदलला. एवढं हातात आलेलं असताना ते आणखी काहीच बोलले नाहीत. तिने मागून त्यांच्या टकलाकडे मोठ्या आदरानं पाहिलं.

पहिलं झाड रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. खोडाला ठोकलेल्या बिल्ल्यावरचा नंबर तिने ओळखला. वरून हा एक ठिपका होता; खाली त्याला दोघांच्या कवेतही न मावणारं खोड होतं, मुंग्या होत्या, आणि एका बाजूला ओल धरलेली होती. ती वळसा घालून पलीकडे गेली आणि थांबली.

पट्टे होते.

सगळ्यात खालचा पांढराफेक. त्याच्यावरचा मळलेला, त्याच्यावरचा पिवळट, आणि असेच एकावर एक चढत गेलेले. सगळ्यात वरचा सालीच्या भेगांत तुटक तुटक उरला होता. काकांनी काठी आणून खोडाशी उभी केली. काठीची खूण आणि तो वरचा पट्टा एका रेषेत आले. केसाचाही फरक नव्हता.

"पहिल्या खेपेला बरोबर होतो मी," बाबा म्हणाले.

"बरोबरच होतास," काका म्हणाले.

तिने पट्ट्यांमधली अंतरं मोजायला घेतली. वरचे पट्टे जवळजवळ होते, जेमतेम नखभर अंतरानं. मग मधेच एक मोठी उडी होती. त्या दोन पट्ट्यांमध्ये तिची चार बोटं आडवी बसली. तिने मनात खेपा मोजल्या, वर्ष लावलं, आणि हात तिथेच राहिला.

"तेच वर्ष," बाबा मागून म्हणाले. "तुझी आई गेली ते."

त्यानंतरचे पट्टे पुन्हा नखानखाच्या अंतरानं शिस्तीत खाली उतरत गेले होते.

मग काम सुरू झालं. काका टेप घेऊन खोडाला फिरायचे, ती पट्ट्यावर टेप बसवून आकडा वाचायची, आणि बाबा तो परत उच्चारून लिहायचे. सगळे पट्टे झाले. तिने तिथल्या तिथे वजाबाकी केली.

"किती?" बाबांनी विचारलं. "खरी वाढ."

"घेरात तीन बोटं. बावीस वर्षांत."

बाबांनी झाडाकडे मान वर करून बघायचा प्रयत्न केला. शेंडा काही त्यांच्या नजरेत आला नाही. "सावकाश आहे," ते म्हणाले. "पण आहे."

"आहे."

"आणि माझं हे जे खाली येणं आहे, ते कुठे लिहिणार तू?"

"वेगळा रकाना करणार. प्रत्येक खेपेसमोर तुमची उंची."

"नाव काय देणार त्याला?"

"दुसरं बटण."

"साहेबाला चालेल?"

"सांगितलंय त्यांना. समुद्रात झाडं चालतात, तर हे का नाही चालणार?"

बाबांनी मान डोलावली. कागद काकांच्या हातात दिला, शर्ट खाली ओढून नीट केला, आणि खोडाला पाठ टेकवून उभे राहिले.

"मग आजचंही घे," ते म्हणाले.

तिने टेपचं टोक पानं बाजूला सारून जमिनीला टेकवलं. बाबांनी आधी टाचा बुंध्याला लावल्या. मग कंबर. मग हात मागे नेऊन त्यांनी सालीला धरलं, आणि एकेक मणका हळूहळू खोडाला लावत वर सरकू लागले. दुसरं बटण शर्टासकट किंचित हललं. खालचा पट्टा मागे राहिला. त्याच्या वरच्या पट्ट्याशी बटण येऊन थांबलं, थरथरलं, आणि पुन्हा वर निघालं.

काका कागद डोळ्यांजवळ धरून झाडाचा नंबर वाचत उभे राहिले.

"थांब," बाबा दात आवळून म्हणाले. "अजून झालं नाही माझं."

ती टेप धरून थांबली.