घरी ये म्हटलं की

क्रिस्पुलोने पुन्हा इसिद्रामावशीच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं आणि आतल्या पंख्यावर फुंकर मारली. धूळ नव्हतीच. असणार कुठून, परवाच तर साफ केली होती! मेमरीच्या पट्ट्या बदलून झाल्या, पॉवर सप्लाय बदलला, डिस्क नवी घातली, विंडोज कोरं करकरीत टाकलं. तरी दर रविवारी दुपारी मावशीचा बोटीवर नोकरीला असलेला मुलगा रोदेल व्हिडिओ कॉलवर बोलायला लागला, की पडदा निळाशार. त्यावर ते रडकं तोंड आणि खाली दर वेळी निराळाच कोड. आता एकच दुखणं दर आठवड्याला नवं नाव सांगायला लागलं, तर माणसाने डोकं फोडून घ्यायचं का? आणि हेच यंत्र त्याने घरी नेलं, की शहाण्यासारखं चालायचं.

लेमेरी गावात मावशीचं दुकान झेरॉक्स, फोटो आणि थंड पेयांचं, तेही अंत्यविधीगृहाच्या अगदी समोर. मयताच्या जागरणाहून कुणी थेट घरी जात नाही. मध्ये कुठेतरी टेकायचं, घोटभर काहीतरी प्यायचं, मागे लागून आलेलं तिथेच झटकायचं आणि मग घराकडे वळायचं. यालाच पगपग म्हणतात, आणि अख्खं गाव ते मावशीकडेच उरकायचं. मावशी म्हणायची, "माझी गिऱ्हाइकं दोन प्रकारची. पैसे देणारी आणि न दिसणारी."

आज मात्र तिला थट्टा सुचत नव्हती. "आज नाही जमलं तर संपलंच बघ," ती म्हणाली. "उद्या रोदेल पुन्हा वर्षभराच्या करारावर सही करणार. त्याला वाटतं, मीच मध्ये फोन तोडते. आईला आपण नकोच आहोत, असं म्हणाला रे तो!"

"मग माझ्या मोबाईलवरून बोला ना."

"त्या बिस्किटाएवढ्या काचेत मला त्याचं नाक तरी दिसेल का? मोतीबिंदू आहे माझ्या डोळ्यांत. आणि असलं काही तोंड बघून सांगायचं असतं. तू गप आपलं काम कर."

फोन लागला. रोदेल दिसला, दाढी वाढलेला, गालफडं बसलेला. बोटीवरच्या स्वयंपाक्याला त्याने मनसोक्त शिव्या घातल्या, मावशी खदखदून हसली. क्रिस्पुलो बाजूला बसून आकडे बघत होता. उष्णता ठीक, मेमरी ठीक, सगळं कसं जागच्या जागी.

मावशीने खुर्ची पुढे ओढली. "बाळा, कमावलंस तेवढं बस झालं. आता घरी ये."

फ्रीजशेजारचं लाकडी बाक करकरलं, कुणीतरी घाईने उठावं तसं. आणि पडदा निळा झाला.

क्रिस्पुलोने बाकाकडे पाहिलं. बाकावर कुणी नव्हतं.

"मावशी, दर वेळी हेच बोलता का हो?"

"मग आईने दुसरं काय बोलायचं?"

"आणि हे नक्की कधीपासून होतंय?"

"तुझ्या बायकोच्या, फ्लोरिदाच्या मयताच्या जागरणापासून," मावशी सहज बोलून गेली. "त्याच बाकावर बसून संत्र्याचं पेय प्यालास की तू. अर्धं तसंच टाकून गेलास. त्यानंतरच्या रविवारी पहिल्यांदा बंद पडलं मेलं."

त्याला सगळं आठवलं. मेहुणीने दंडाला चिमटा काढून बजावलं होतं, पोर लहान आहे, काही घरी घेऊन जाऊ नकोस. म्हणून त्याने बाह्या झटकल्या होत्या, खांदे झटकले होते, अगदी चपलासुद्धा. बायकोला झटकून तो तरातरा निघून गेला होता. जिवंतपणी बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन फ्लोर याच बाकावर त्याची वाट बघायची. आताही बघत होती. कुणी घरी ये म्हटलं की उठत होती, आणि ते बोलावणं दर वेळी दुसऱ्याच कुणालातरी असायचं.

तो घाबरला. घरी लुआल्हाती एकटी होती, त्यांची पोरगी. पण इकडे कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला होता, रोदेलचा फोन वाजत होता आणि मावशी डोळे पुसत पडद्याशी नाक लावून बसली होती.

क्रिस्पुलो उठून बाकापाशी गेला. "फ्लोर, ती तुला नाही बोलावत," तो हळूच म्हणाला. "मी बोलावतोय. चुकलं माझं. चल, घरी."

बाक करकरलं. त्याच्या कोपराला गार हवा लागली आणि तिथेच थांबली.

"मावशी, बोला आता बिनधास्त," तो म्हणाला आणि बाहेर पडला. पाठीमागे मावशीचा आवाज आला, "घरी ये रे बाळा." फोन तुटला नाही. मग रोदेलचं रडणं ऐकू आलं, "येतो, आई. येतो."

क्रिस्पुलो वाटेत कुठेही थांबला नाही. पाववाल्याने हाक मारली, न्हाव्याने खुर्ची पुढे सरकवली, त्याने नुसती मान हलवली. मागे वळून बघायची मात्र त्याची छाती झाली नाही.

लुआल्हातीने दार उघडलं. तो आत आला, तरी ती दार धरून उभीच राहिली.

"लाव की दार, डास येतील."

ती जरा बाजूला सरकली, वाट दिल्यासारखी. मग तिने हळूच दार लावलं.

"एवढा उशीर केलास?" ती म्हणाली. ती क्रिस्पुलोकडे बघत नव्हती.