अक्षम

भावाने माझ्याविरुद्ध कोर्टात अर्ज केला आणि वर मलाच गाडीत घालून तिथे घेऊन गेला. "ताई, तुझ्या भल्यासाठीच गं," म्हणाला. ज्याचं शेंबडं नाक मी पुसलं, तो आता माझं भलं करणार!

झटक्याने माझा डावा हात गेला, डोकं नाही. पण माझं शिवणाचं दुकान विकायचं त्याच्या मनात, आणि सही लागणार माझी. मी देत नाही म्हटल्यावर वेडी ठरले. तो गिऱ्हाईक घेऊन आला तेव्हा मी त्याला गजपट्टी फेकून मारली, तेही अर्जात आलं. कात्री हाताशी नव्हती, एवढं लिहायचं राहिलं.

त्याचा वकील आधी 'असमर्थ' म्हणाला, मग 'परावलंबी', मग 'अक्षम'. तोंडावर नालायक म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून ही माणसं शब्दांना इस्त्री करून आणतात. मला पालक नेमा म्हणे. बासष्टाव्या वर्षी पालक! बाजारात जुडीने मिळतो तेवढा मला पुरे.

न्यायाधीशबाई मात्र सरळ वाटल्या. वार विचारला, पत्ता विचारला, एका सदऱ्याला कापड किती लागतं ते विचारलं. मी धडाधड सांगितलं. वकिलाचा चेहरा उतरला. जिंकतच आले होते मी.

"शेवटचं विचारते," बाई म्हणाल्या. "तुम्ही अक्षम आहात, असं भावाचं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं?"

भाऊ गरीब गाय होऊन मान खाली घालून बसला होता. ते बघून माझं टाळकं सरकलं.

"आहे ना अक्षम! ज्याच्यापाशी क्षमा नाही तो अक्षम. याला या जन्मी क्षमा नाही आणि पुढच्याही नाही."

कोणी हसलं नाही. "प्रश्न काय, उत्तर काय," वकील हळूच म्हणाला. "पाहिलंत ना, बाईसाहेब?"

बाईंनी पेन उचललं.

"अहो, कोटी केली मी!" मी ओरडले. "कोटी!"

वकिलाला कळलं होतं. मेला मिशीतल्या मिशीत हसत होता.

"आता कोटींच्या गोष्टी," तो म्हणाला. "दुकानाचे धड चार लाख येणार नाहीत."

बाईंनी तेही लिहून घेतलं. भावाने माझ्यापुढे हात पसरला.

"ताई, दुकानाची किल्ली."