चौदातल्या चार

सिस्टरचा आकड्यांवर पूर्ण विश्वास होता, माणसांवर बेताचाच. छातीत जळजळ होणाऱ्यांवर आम्ल कमी करणाऱ्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये औषध, निम्म्यांच्या नुसती पूड. कोणाला काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

त्यात दोन जावा होत्या. जुन्या गोळ्यांचा दोघींनाही गुण येत नव्हता. पहिल्या महिन्यानंतर नाकातून नळी घालून आम्ल मोजलं, तर धाकटीचं झपाट्यानं उतरलेलं, थोरलीचं होतं तिथंच. दुसऱ्या महिन्यात मात्र दोघींचे आकडे मधोमध. सिस्टरनं नळी तपासली, यंत्र तपासलं. उरल्या या दोघी.

पुढच्या खेपेला ती दाराच्या काचेआड उभी राहिली. नाव पुकारताच बाकावरच्या दोघींनी पिशवीतून डब्या काढल्या, झाकणांवरचे नंबर पाहिले आणि झटकन अदलाबदल केली.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय ते?" धाकटी म्हणाली.

"काचेतून दिसतं, बाई."

थोरलीनं हात टेकले. "एक दिवस तिची, एक दिवस माझी. दोन महिने होत आले."

"मग काय करू? ताईंनी रात्रभर उशा रचून बसायचं आणि मी शेजारच्या खोलीत घोरायचं?"

"घोरतेस मात्र खरी," थोरली म्हणाली.

सिस्टर हसली नाही. "नियमानं दोघींची नावं कमी होणार. कॅप्सूल आजपासून बंद."

धाकटीचा चेहरा पडला. "सगळं मी केलं असं लिहा. माझी डबी ताईंना द्या."

"गप्प बस. सिस्टर, कल्पना माझी. हिचं नाव राहू द्या."

कोण खोटं बोलतंय, की दोघीही? सिस्टरनं तो नाद सोडला. दोघींच्या डब्या टेबलावर ठेवून फॉर्म आणायला ती शेजारच्या खोलीत गेली. परत येऊन अदलाबदलीची नोंद केली, मग उरलेल्या कॅप्सूल मोजल्या. प्रत्येकीच्या चौदा हव्या होत्या. थोरलीच्या चौदा भरल्या. धाकटीच्या चार.

"दहा कुठं गेल्या?"

"सांडल्या. बेसिनमध्ये."

"दहाच्या दहा?"

"हात थरथरतो हो माझा."

हात टेबलावर होता, जराही हलत नव्हता. थोरली पर्स पोटाशी धरून खिडकीबाहेर बघत होती. सिस्टरनं पर्सकडे पाहिलं, मग तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे.

तिनं पेन उचललं आणि लिहिलं: दहा कॅप्सूल, रुग्णाच्या सांगण्याप्रमाणे, सांडल्या.