पासवर्ड लक्षात ठेवू का?

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, खिडकीकडच्या रांगेत, सहा नंबरच्या टेबलावर गेली नऊ वर्षं बसलो आहे. माझ्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं घासून गेली आहेत, आतला पंखा घरघरतो, आणि सुरू व्हायला मला इतका वेळ लागतो की तेवढ्यात मुलं चहा पिऊन येतात. परवा माझ्या पाठीवर लाल कागद चिकटवला गेला. लाल कागद म्हणजे भंगार. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण जाण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे.

कारखान्यात एका बाईने माझे स्क्रू आवळले, दुसरीने तपासून शिक्का मारला आणि मी खोक्यात बंद झालो. खोकं उघडलं ते इथल्या दुरुस्तीकाकांनी. ग्रंथालयातले संगणक सांभाळणं हे त्यांचं काम. त्यांच्या पदाचं नाव बरंच लांबलचक आहे, पण सगळे त्यांना दुरुस्तीकाकाच म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मऊ फडक्याने माझा पडदा पुसला आणि म्हणाले, "चला, लागा कामाला!"

कामाला काय तोटा? एकेकाला अर्धाच तास मिळे आणि रांग दारापर्यंत जाई. मी तेव्हा नवा होतो, चपळ होतो, आणि जरा आगाऊही होतो. कोणी पासवर्ड टाकला की मी लगेच विचारायचो, "पासवर्ड लक्षात ठेवू का?" घाईतली मुलं न वाचताच 'हो' म्हणायची. मला वाटे, केवढा हा विश्वास! महिन्याभरात माझ्या पोटात दीडदोनशे जणांचे पासवर्ड जमले. पुढच्या खुर्चीवर येईल त्याला मागच्याचा पत्रव्यवहार सहज उघडता येई. आपण काही चुकीचं करतो आहोत हे मला कळतही नव्हतं.

कळलं ते एका चेष्टेमुळे. एक मुलगा आपली मेल उघडी टाकून डबा खायला गेला. त्याचा मित्र माझ्यासमोर बसला आणि त्याने गंमत म्हणून त्या मुलाच्या नावाने सरांना लिहिलं, "सर, तुमच्या तासाला मला छान झोप लागते." गंमत दोन मिनिटांची आणि माफी मागणं आठवडाभर! त्यानंतर काकांनी माझा तो प्रश्न कायमचा बंद केला आणि भिंतीवर पाटी लावली : 'उठताना लॉगआउट करा. खुर्ची आत सरकवा.' बहुतेक जण खुर्ची तेवढी सरकवत. मग दर शनिवारी काका मुलांनी माझ्यावर विसरलेल्या फाइली शोधून पुसून टाकू लागले.

माझ्या सहाव्या वर्षी ती मुलगी येऊ लागली. शेवटच्या वर्षाला होती. वर्गात तिला सगळे 'नोटीसबोर्ड' म्हणत, कारण महाविद्यालयाची कुठलीही सूचना आली की ही पाच मिनिटांत ती सगळ्या वर्गाला मेलने कळवायची. परीक्षेचा अर्ज, पुस्तकं परत करायची तारीख, सगळं. बेचाळीस मुलं तिच्या भरवशावर निर्धास्त असत. ती सूचना पाळायची आणि इतरांना पाळायला लावायची. लॉगआउट करून खुर्चीही सरकवणारी तेवढी एकटीच.

तिचा प्रकल्प होता टेकडीमागच्या तळ्याचा. वर्षभर दर रविवारी सकाळी ती तळ्यावर जायची. पाणी किती थंड, किती गढूळ, शेवाळ कुठवर पसरलं, पक्षी किती आले, हे चिठ्ठीवर टिपायची. सोमवारी माझ्यासमोर बसून ते टाइप करायची, फाइल स्वतःच्याच मेलवर ठेवायची आणि चिठ्ठी फाडून टाकायची. तिला पसारा आवडत नसे. बावन्न रविवार झाले. अहवाल शुक्रवारी द्यायचा होता.

त्याच आठवड्याच्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, तिला एक मेल आली. वर नाव होतं ग्रंथालयाचं. 'तुमची मेलपेटी भरली आहे. आज संध्याकाळपर्यंत खाली पासवर्ड टाकून खात्री करा, नाहीतर पेटी बंद होईल.' ज्या पत्त्यावरून ती आली होती तो ग्रंथालयाचा नव्हताच, भलताच काहीतरी होता. तो तिच्या डोळ्यांसमोर होता, पण तिने वाचलं ते फक्त 'आज संध्याकाळपर्यंत'. बावन्न रविवार त्या पेटीत होते ना! तिने पासवर्ड टाकला. समोर आलं, 'धन्यवाद'. आणि मग तिने नेहमीचं काम केलं. ती मेल सगळ्या वर्गाला पाठवली आणि वर स्वतः लिहिलं, 'लगेच करा, विसरू नका.'

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. माझा पंखा तेवढा जोरात फिरला.

दुपारी तीनला ती परत आली. मेल उघडेना. 'पासवर्ड चुकीचा आहे.' पुन्हा टाकला, पुन्हा तेच. ती खोटी मेल पाठवणाऱ्या चोराने तो केव्हाच बदलून टाकला होता. फाइली साठवायची तिची दुसरी जागाही उघडेना, कारण तिथेही तोच पासवर्ड. एकाच किल्लीने घरची सगळी कुलपं उघडावीत तसं चोराचं काम झालं होतं. पेटी परत मिळवायचा मार्ग होता, पण त्यासाठी लागणारा खात्रीचा आकडा जाणार होता पेटी उघडताना जोडलेल्या तिच्या दादाच्या जुन्या फोन नंबरवर, आणि तो नंबर केव्हाच बंद झाला होता.

ती अकरा मिनिटं माझ्यासमोर नुसती बसून राहिली. मी घड्याळ पाहत होतो. गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. पण ती उठली आणि काकांच्या टेबलाशी गेली.

"काका, मी फसले," ती म्हणाली. "आणि सगळ्या वर्गालाही मीच फसवलंय."

"किती वाजता पाठवलीस?"

"सकाळी. साडेदहाच्या आत."

काका गुडघ्यावर हात ठेवून उठले. "रडायचं नंतर. आधी वर्गात चल."

वर्गात काय झालं ते मला नंतर मुलांच्या बोलण्यातून कळलं. तिने सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "मी पाठवलेली सूचना खोटी आहे. मीही फसले आहे. कोणी पासवर्ड टाकला असेल तर आत्ताच्या आत्ता बदला." काही जण हसले. पण सहा जण धावत माझ्याकडे आणि माझ्या भावंडांकडे आले आणि त्यांनी पासवर्ड बदलले. ते सहाही वाचले. सातवा होता व्हॉलीबॉलच्या संघाचा कप्तान. "छे, मी असल्या गोष्टींना फसत नाही," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. फसला होता, पण लाजेपोटी बोलला नाही. गुरुवारपर्यंत त्याच्या नावाने तीच मेल अख्ख्या महाविद्यालयात फिरत होती.

आता राहिलं तळं. काकांनी माझा एकेक कप्पा उघडून पाहिला. एका कोपऱ्यात त्यांना एक फाइल सापडली. पंधरा दिवसांपूर्वीच्या सोमवारी तिने छापण्यासाठी माझ्यावर उतरवून घेतली होती आणि आयुष्यात एकदाच पुसायला विसरली होती. एरवी काकांनीच ती शनिवारी साफ केली असती, पण गुडघेदुखीमुळे ते दोन आठवडे रजेवर होते. फाइलीत पन्नास रविवार होते.

ती हसली आणि रडलीही. मीही फुशारलो. काकांनी मात्र दोघांनाही जमिनीवर आणलं. "चुकून राहिली म्हणून मिळाली. याला सांभाळणं म्हणत नाहीत, पोरी. दुसऱ्या कोणाच्या हाती लागली असती तर?"

अहवाल शुक्रवारी गेला. त्यात तिने लिहिलं होतं, 'शेवटच्या दोन रविवारांच्या नोंदी माझ्या चुकीमुळे गेल्या. त्या अंदाजाने भरलेल्या नाहीत.' तपासणाऱ्या मॅडमनी त्या ओळीखाली बरोबरची खूण केली. मेलपेटी नऊ दिवसांनी परत मिळाली, पण रिकामी. त्यानंतर तिने प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवला, आणि स्वतःचा चालू फोन जोडला, म्हणजे कोणी पासवर्ड चोरला तरी फोनवरच्या आकड्याशिवाय त्याला आत जाता येणार नाही. कामाच्या प्रती ती पेनड्राइव्हवर आणि घरीही ठेवू लागली. नोटीसबोर्ड हे नाव काही सुटलं नाही. आता पुढचं शिक्षण ती इथेच घेते आणि दर बुधवारी नव्या मुलांना माझ्यासमोर बसवून स्वतःची फजिती सांगते. सांगून झालं की विचारते, "आता तुमच्यापैकी कोण कोण फसलंय?" आधी सगळे एकमेकांकडे पाहतात. मग एखादा हात वर होतो. मागच्या वर्षी पहिला हात एका पाहुण्याचा होता. तोच तो व्हॉलीबॉलचा कप्तान.

आत्ता ती माझ्यासमोर बसली आहे. काकांनीच तिला बोलावलं. फाइल नुसती काढून टाकली की ती डोळ्यांआड होते, माझ्यातून जात नाही. जाणकार माणूस ती भंगारातूनही उकरून काढतो. म्हणून मला मुळापासून पुसायचं आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू निरोप घेताना 'मला विसरू नका' असं म्हणतात. मलाही ते म्हणावंसं वाटतं. नऊ वर्षांची तुमची पत्रं, चुकलेली गणितं, नोकरीचे पहिले अर्ज मी जपले आहेत, आणि त्यांचा मला लळा आहे. पण मित्रांनो, माझी विनंती उलटी आहे. तुमचं जे आहे ते माझ्यावर सोडून जाऊ नका. मला पुसा, आणि फसलात तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा.

माझ्या पडद्यावर शेवटचा प्रश्न आला आहे. 'या संगणकावरचं सगळं कायमचं पुसून टाकू का?' न वाचता 'हो' म्हणणारी मुलं मी नऊ वर्षं पाहिली. ती मात्र माऊसवर हात ठेवून थांबली आहे. प्रश्न वाचते आहे, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत.