दादासाठी घेतलेली रायफल

वहिनी कवळ्या बनवायची. गावातले तीन-चार दंतवैद्य तोंडाचे साचे पाठवत आणि ती घरामागच्या खोलीत, खिडकीजवळच्या उंच टेबलाशी बसून, मेणात एकेक दात बसवत असे. तिची नणंद शाळेत कवायतीची बाई. मुलांनी तिचं नाव शिट्टीबाई ठेवलं होतं. शिट्टी गळ्यात नसली तरी तिच्या आवाजाने रस्त्यावरची सायकल थांबे. ती रायफल क्लबात जायची, आणि दर वर्षीच्या, स्प्रिंगने छर्रा उडवणाऱ्या एअर रायफलच्या स्पर्धेचा कप इतकी वर्षं तिच्याच घरी मुक्कामाला होता की तिने त्यात पेनं ठेवायला सुरुवात केली होती.

भांडणाचं मूळ म्हणजे एक साधं वाक्य. एका रविवारी नणंद जेवायला आली असताना वहिनी म्हणाली, "वन्सं, मलाही एकदा नेम धरून बघायचाय."

"अगं, ते काय कवळी घासणं आहे?" वन्सं म्हणाल्या आणि पाण्याचा पेला रिकामा केला.

 ज्या बाईने दिवसभर दुसऱ्यांचे दात जुळवलेत, तिने स्वतःचे दात असे आवळले की समोर बसलेल्या नवऱ्याला ऐकू आलं.

पुढच्या बुधवारी ती क्लबात हजर. बुधवारी वन्संची शाळेत जादा कवायत असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. क्लबाचे चिटणीस आयुष्यभर पोस्टात होते, पण मिशीमुळे सगळे त्यांना कर्नल म्हणत. त्यांनी तिला क्लबाची रायफल दिली. ती पडायला आलेल्या दातासारखी सगळीकडून हलत होती. तरीही महिन्याभरात वहिनीचे छर्रे काळ्या वर्तुळात जाऊ लागले.

"हात चांगला आहे तुमचा," कर्नल म्हणाले. "पण स्पर्धेत उतरायचं तर स्वतःची रायफल घ्या. स्प्रिंगची निवडताना मात्र सांभाळून. मला विचाराल तर आपल्या शिट्टीबाईंइतकं त्यातलं कुणाला कळत नाही."

झाली का पंचाईत! वहिनी घरी येईपर्यंत विचार करत होती. दारात चपला काढताना तिला युक्ती सुचली आणि ती एकटीच हसली.

"वन्सं," तिने फोनवर मधाळ आवाज काढला, "यांच्या वाढदिवसाला एअर रायफल द्यावी म्हणते. स्पर्धेच्या कामाची. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. याल का दुकानात?"

 "दादाला? रायफल? येते की!"

दुकानदार पेंगत होता. वन्संना पाहून तो ताठ झाला आणि त्याने दुर्बीण लावलेली, काळीकुट्ट, लांबलचक रायफल काउंटरवर ठेवली. "सगळ्यात ताकदवान, मॅडम. पत्रा फाडते."

"कागदाने काय घोडं मारलंय तुमचं?" वन्संनी विचारलं. "जोरात भोक पडलं म्हणून कुणी जास्त गुण देतं का? उचला ती. जेवढी स्प्रिंग जोरकस तेवढा धक्का मोठा, आणि धक्का मोठा की नेम गेला. दहा मीटरला मऊ स्प्रिंग पुरते."

दुसरी आली. मध्ये मोडून छर्रा भरायची. वन्संनी नळी वाकवली, परत बसवली, सांध्याला कान लावला. "ही वाईट नाही. पण दर वेळी नळी उघडते, मिटते. केसभर जरी वेगळी बसली तरी संपलं. नळी जागच्या जागी राहणारी, बाजूच्या दांड्याने ताणायची दाखवा."

दुकानदार आत गेला. वन्संनी वहिनीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दादाची उंची तुझ्याएवढीच ना साधारण?"

"अगदी माझ्याएवढी," वहिनी म्हणाली. तिचा नवरा तिच्यापेक्षा हातभर उंच होता.

"आणि हात?"

"हातही. लहानच आहेत हो त्यांचे."

"बरं झालं, मापाला माणूस मिळालं. उभी राहा."

मग वन्संनी वहिनीच्या कोपराच्या आत रायफलीचा दस्ता टेकवून बघितला, गाल लाकडावर ठेवायला लावला, तो कुठे बसतो ते वाकून पाहिलं. "दादाच्या गालाचं हाडसुद्धा असंच वर आहे नाही?" वहिनीने मान डोलावली. दांडा ओढून बघायला लावलं, तोही एकदा नाही, लागोपाठ. "दमलीस? मग दादाही दमेल. स्पर्धेत साठदा ताणायची आहे, शेवटी हात थरथरता कामा नये. याहून हलकी ताणली जाणारी दाखवा हो!" चाप ओढताना आधी हलका आणि मग एका ठरावीक जागी थबकणारा हवा, म्हणजे कधी सुटणार ते बोटाला कळतं. नेम धरायला मागे बारीक भोकाची चकती हवी, नळीच्या टोकाला गोल माशी. "दुर्बीण काढून टाका, स्पर्धेत चालत नाही."

शेवटी एक जुन्या घाटाची, अक्रोडाच्या दस्त्याची रायफल निघाली. दुकानामागच्या बोळात फळी लावून वन्संनी ती स्वतः चालवली. एका डबीतले छर्रे, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिसऱ्या डबीतल्या चपट्या नाकाच्या सगळ्या छर्र्यांचं मिळून कागदावर एकच भोक पडलं, जरा फाटक्या कडेचं. वन्संनी कागद उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"हीच," त्या म्हणाल्या. "दादाला सांग, धरायची मात्र मगरमिठी मारून. सुटली नाही पाहिजे."

वहिनीने रायफल कवळ्यांच्या खोलीत, प्लास्टरच्या पोत्यांमागे लपवली. नवऱ्याला वाढदिवसाला शर्ट मिळाला आणि तो खूश झाला.

बुधवारी मात्र तिची फजिती सुरू झाली. मगरमिठी मारली, दात-ओठ खाल्ले, बोटं पांढरी पडेपर्यंत दस्ता आवळला. छर्रे वर, खाली, डावीकडे, जिथे वाट फुटेल तिथे. क्लबाची खिळखिळी रायफल बरी म्हणायची वेळ आली. कर्नल मिशी चावत राहिले. "नव्या रायफलला जरा वेळ लागतो," असं ते म्हणाले, पण त्यांनाही ते पटलेलं दिसत नव्हतं.

एका दुपारी ती मेणावर बसवलेले दात टेबलावरून दिव्याखाली नेत होती. घाईत चिमटीत जरा जास्त दाबलं आणि पुढचे दोन दात तिरपे झाले. चरफडत तिने ते सरळ केले आणि या वेळी साचा नुसता तळहातावर ठेवून नेला. दात जागचे हलले नाहीत. ती तशीच, हात पुढे करून, उभी राहिली. स्प्रिंग सुटली की रायफल आधी मागे उसळते, मग पुढे, आणि तोवर छर्रा नळीतच असतो. आवळून धरली तर ती दर वेळी वेगळी अडते. नुसती ठेवली, तर दर वेळी एकसारखीच उडी मारेल!

त्या बुधवारी तिने डावा तळहात उघडा ठेवला, त्यावर रायफल टेकवली आणि उजव्या हातानेही नुसती धरल्यासारखी केली. कर्नलनी कागद ओढून जवळ घेतला. "हे कुणी शिकवलं?"

"दातांनी," वहिनी म्हणाली. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वन्सं इतकी वर्षं जिंकतायत. त्यांना हे माहीत नसेल? बोळात तर त्यांनी रायफल अशी धरली होती, जणू झोपलेलं मांजर!

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. शेरास सव्वाशेर भेटली होती.

स्पर्धेच्या दिवशी वन्संनी तिला रायफलीसकट आत येताना पाहिलं आणि भुवईसुद्धा हलवली नाही. "दादा बराच बारीक झाला गं," एवढंच म्हणाल्या. पण वहिनीचा डावा तळहात उघडा पडला तेव्हा मात्र त्यांनी दोनदा वळून बघितलं.

शेवटच्या फेरीआधी दोघी बरोबरीत होत्या. मधल्या सुट्टीत वन्सं पाण्याच्या नळाशी उभ्या होत्या. वहिनी शेजारी गेली, पेला भरला आणि अगदी भाबडेपणाने विचारलं, "वन्सं, चाप ओढताना तुम्ही श्वास आत घेऊन थांबता की बाहेर सोडून?"

"म्हणजे... आपला..." वन्सं थांबल्या. इतक्या वर्षांत हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. श्वास आपोआप काय तो व्हायचा.

"सहज विचारलं हो," वहिनी म्हणाली.

शेवटच्या फेरीत वन्सं आत श्वास घेत, थांबत, मग सोडत, मग पुन्हा घेत. कवायत करणाऱ्या मुलासारखे त्यांचे खांदे वरखाली होत होते. सात. मग आठ. मग पुन्हा सात. वहिनीने ते डोळ्याच्या कडेने पाहिलं, तिला हसू फुटलं आणि तिचाही एक छर्रा पार बाहेरच्या वर्तुळात गेला. तरीही कप तिलाच मिळाला, फक्त एका गुणाने. तो उचलताना कर्नल म्हणाले, "आतली पेनं काढून आणायला विसरल्यात शिट्टीबाई."

घरी जाताना दोघी पेट्या खांद्याला लावून चालल्या होत्या.

"कधी कळलं तुम्हाला?" वहिनीने विचारलं.

"फोनवरच. फुगा फुटला तरी दादा पलंगाखाली जातो. त्याला रायफल?"

"मग इतकी चांगली का निवडून दिलीत? वाईट द्यायची होती."

वन्सं रस्त्यातच थांबल्या. त्यांना खरंच राग आला. "वाईट? मी? माझ्या हाताने? दुकानदाराने तोंडात शेण घातलं असतं! रायफल मी चांगलीच निवडणार. सल्ला वाईट दिला, तो भाग वेगळा."

वहिनी इतकी हसली की तिला पेटी खाली ठेवावी लागली. वन्संनी आधी नाक उडवलं, मग त्याही हसल्या. पुढच्या वळणावर मात्र त्यांची पावलं पुन्हा मंदावली.

"वहिनी, खरं सांग. आत घ्यायचा की बाहेर सोडायचा?"

"मला काय माहीत?" वहिनी म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला विचारलं."

वन्सं तिथेच, भर रस्त्यात, श्वास घेऊन आणि सोडून बघू लागल्या. समोरच्या दुकानातल्या एका गृहस्थाने त्यांना दमा आहे असं समजून बसायला खुर्ची आणून दिली.