एकच रेघ

अमुगेने चाचणीची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली. रेघ एकच. म्हणजे हिवताप नाही. सकाळपासून हेच सांगून सांगून दवाखान्याच्या या एकट्या नर्सच्या तोंडाला फेस आला होता, आणि त्यात कालपासून तिचं स्वतःचं अंग मोडून आलं होतं.

"हिवताप नाही गं," ती पोराला घेऊन आलेल्या अकितेंगला म्हणाली.

"नाही कसा? हात लावून बघा, पोराचा तवा झालाय नुसता!"

"ताप आहे. हिवतापाचा नाही."

"ह्या पट्ट्या नव्हत्या तेव्हा तुम्हीच गोळ्या द्यायचात की, न टोचता. माझ्या थोरलीला दिल्यात. वाचली ती."

अमुगेने पोराचा, ओकिरिंगचा, सदरा वर केला. श्वासागणिक त्याच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता.

"दुखणं छातीचं आहे. एक सुई मी देते, पण याला ऑक्सिजन लागणार. आत्ताच्या आत्ता सोरोतीच्या मोठ्या दवाखान्यात ने."

"ह्या बोटभर पट्टीच्या भरवशावर? नको. गोळ्या द्या, मी घरी जाते."

अकितेंगने पोराला पाठीशी बांधायला घेतलं. ती घरी गेली तर पोर हाताला लागणार नाही, हे अमुगेला लख्ख दिसत होतं. ओरडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

गाठ मारता मारता अकितेंगची नजर टेबलाच्या कडेला गेली. तिथे आणखी एक पट्टी पडली होती. तिच्यावरही एकच रेघ.

"ही कुणाची?"

"माझी. कालची."

"मग तुम्ही नाही घेतल्यात गोळ्या?"

नाही म्हणणं सोपं होतं. दिवसभर तिने दुसरं केलं तरी काय होतं? पण अमुगेचा हात खिशात गेला. तिने हिवतापाच्या गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. ते निम्मं रिकामं होतं.

"बघा!" अकितेंग म्हणाली. "तुमचाच विश्वास नाही."

"नव्हता."

"मग? उतरला ताप?"

अमुगेने तिचा हात धरला आणि आपल्या गळ्याला लावला.

गळा अजूनही तव्यासारखा तापलेला होता. अकितेंगने हात मागे घेतला. मग छातीवरची गाठ सोडून तिने पोराला कुशीत घेतलं.

"सुई द्या त्याला," ती म्हणाली. "आणि मोटारसायकलवाल्याला हाक मारा, सिस्टर."