दारातलं पहिलं वाक्य

पलटणीत सगळ्यांच्या खांद्यावर बंदूक असते. नसते ती एकाच्याच, धर्मगुरूच्या. म्हणून जवान त्यांना पाठीमागे ‘बिनबंदुकीचे साहेब’ म्हणायचे. तिचे वडील निवृत्त होईपर्यंत असे बिनबंदुकीचे साहेब होते. जवानांची लग्नं लावायची, भांडणं मिटवायची, घाबरलेल्या पोराच्या उशाशी बसायचं, ही त्यांची कामं. आणखीही एक काम होतं, पण त्याबद्दल त्यांनी घरात कधी अवाक्षर काढलं नाही. एखादा जवान गेला, की त्याच्या घरी जाऊन ते सांगायचं.

अशा माणसानं स्वतःचं दुखणं मात्र पोटच्या पोरीला सांगितलं नाही. दवाखान्यात डॉक्टर सहज बोलून गेले, “त्यांना तर बरेच महिने माहीत होतं. तुम्हाला नाही बोलले?” त्याच आठवड्यात वडील गेले. रडणं झालं, कपडे वाटून झाले, घर आवरून झालं. मला का नाही सांगितलं, हा प्रश्न मात्र चपलेत गेलेल्या खड्यासारखा राहिला. एरवी कळत नव्हता, चालायला लागलं की टोचायचा.

तिचा धंदा फिल्मा बनवण्याचा. कारखान्यात हेल्मेट का घालावं, हात यंत्रापासून लांब का ठेवावा, असल्या. पोट त्यावर भरायचं. आता तिनं स्वतःच्या हिमतीवर एक माहितीपट करायला घेतला, सैन्यातल्या धर्मगुरूंवर. का, म्हणून कुणी विचारलं तर सांगायची, “लोकांना कुठे माहीत असतं यांच्याबद्दल?” लोकांना ते पटायचं. कॅमेरा आणि आवाज दोन्ही सांभाळणाऱ्या ढापण्याला पटत नव्हतं, पण जाड भिंगाच्या चष्म्यामागून त्याला जे दिसायचं ते तो बोलून दाखवत नसे. छावणीत शूटिंग करायला लष्करानं नकार दिला, तोही इतक्या गोड भाषेत की तो वाचून ढापण्या म्हणाला, “हो म्हणतायत असंच वाटतं गं दिग्दर्शकबाई!” मग दोघांनी निवृत्त धर्मगुरूंची घरं गाठायला सुरुवात केली.

प्रत्येकाला ती शेवटी एकच प्रश्न विचारायची. “दार उघडलं, समोर त्या घरातली बाई. तुमचं पहिलं वाक्य काय असायचं?”

एक जण म्हणाले, आधी जवानाचं पूर्ण नाव घ्यायचं, घर चुकलं तर उगाच कुणाचा तरी जीव जायचा. दुसऱ्यांनी भलतंच सांगितलं. त्यांना कुणाकडे साधं गप्पा मारायला जायची चोरी होती. ते दारात दिसले की बायका भिंतीला टेकायच्या. म्हणून गप्पांना जाताना ते हातात संत्र्यांची पिशवी धरायचे, लांबून दिसेल अशी. “संत्री घेऊन कोण मेल्याचं सांगायला येतं?” हे सांगताना ते खूप हसले आणि मग उठून खिडकी लावून आले. तिसऱ्यांनी प्रश्न ऐकला, कॉलरचा माइक काढून टेबलावर ठेवला आणि या दोघांना गच्चीवरची रोपं दाखवायला नेलं.

तिला हे सगळं आवडत होतं. माणसं उलगडत होती. पण वडील काय म्हणायचे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एका काकांना ठाऊक असणार होतं. ते वडिलांबरोबर एकाच पलटणीत होते, सहायक म्हणून. त्यांचं घर तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिथेही काही मिळालं नाही तर पुढे विचारायला कुणी उरणार नव्हतं.

काकांचं घर चौथ्या मजल्यावर होतं. ढापण्यानं आल्या आल्या नेहमीप्रमाणे पंखा बंद केला, घड्याळ काढून गादीखाली सारलं आणि फ्रिजची घरघर नको म्हणून त्याचं बटण बंद केलं. मग स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली.

काकू बघतच राहिल्या. “हे काय रे? थंड करून खातोस की काय?”

“निघताना फ्रिज चालू करायला विसरलो तर तुमचं दूध नासेल काकू. किल्ली आत असली की विसरता येत नाही.”

“हुशार आहेस. आमच्या ह्यांचा चष्मापण ठेव आत.”

काका सोफ्यावर ताठ बसले होते. केस ओले करून विंचरलेले. ती विचारत गेली, काका बोलत गेले. सेवा, कर्तव्य, परमेश्वराची इच्छा. मुलाखत कसली, भाषणच. शेवटचा प्रश्न आला तेव्हा ते म्हणाले, “प्रसंग पाहून बोलावं लागायचं बाळा. आता ते आठवतही नाही.”

संपलं, असं तिला वाटलं. तेवढ्यात ढापण्यानं कानावरचे हेडफोन दाबले. स्वयंपाकघरात काकूंनी चहा ठेवला होता, त्याची खदखद त्याच्या कानात शिरत होती.

“काकू,” तो ओरडला, “आधी गॅस बंद करा. मग बोलू.”

 काका झटकन ढापण्याकडे वळले. “हे कुणी सांगितलं तुला?”

“काय, काका?”

“आत्ता बोललास ते.”

“आवाज येतोय चहाचा...”

काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे ताठ खांदे खाली आले. “तुझ्या बापाचं वाक्य आहे हे. अगदी असंच्या असं. तू पहिलं वाक्य विचारतेस ना? हेच.”

 आपण मध्ये बोललो तर काका पुन्हा भाषणावर जातील, अशी तिला धास्ती वाटली.

“सुरुवातीला एका घरी गेलो आम्ही दोघं. बाई तळण तळत होत्या. तुझ्या बापानं सांगितलं, त्या दारातच बसल्या. आम्ही त्यांना धरतोय, पाणी देतोय, आणि आत कढई पेटली. पोरं आतच होती. त्यानं ताट घेऊन कढईवर झाकलं. हात पोळला. तेव्हापासून दारात आधी हे वाक्य. आत काही शिजतंय का ते कळलं नाही, तर विचारायचं, गॅस चालू आहे का? चालू असला तर तो बंद झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हा त्याचा नियम. मग मीही तेच करायला लागलो.”

“म्हणून तर मी ह्यांना स्वयंपाकघरात फिरकू देत नाही,” दारातून काकू म्हणाल्या. “ह्यांनी गॅसला हात लावला की मला वाटतं, आता कुणाची तरी बातमी सांगतात.”

वडिलांच्या डाव्या तळहातावर एक गुळगुळीत, गुलाबी डाग होता. लहानपणी ती त्यावरून बोट फिरवायची. ते सांगायचे, पोळ्या शिकत होतो.

“काका,” ती म्हणाली, “शेवटचे काही महिने बाबा रोज फोन करायचे. दिवेलागणीला. पहिलं हेच विचारायचे, गॅस चालू आहे का? मी म्हणायची, हो, दूध ठेवलंय. नाहीतर भाजी आहे. मग म्हणायचे, बरं, असू दे. आणि इकडचं तिकडचं बोलून ठेवून द्यायचे.”

ढापण्यानं मान खाली घातली. बाबांच्या या गॅसच्या वेडाची नक्कल त्यानं बसवली होती, आणि ती पोट धरून हसलीही होती.

 मग काका नाकातल्या नाकात हसले. “दिवेलागणीला ना? लबाड! त्या वेळी कुणाचा गॅस बंद असतो? चालू आहे म्हटलं की हा सुटला त्या दिवसापुरता.”

“लबाड कसले?” काकू एकदम पुढे आल्या. “सकाळी पोर कामाच्या घाईत. संध्याकाळीच भेटणार ना घरात? सांगायचं नसतं तर रोज कशाला विचारलं असतं?”

“अगं, मी ओळखतो ना त्याला!”

“तुम्ही? तुम्हाला शेजारी राहायला आलेला माणूस वर्षभर ओळखू येत नाही!”

“इतक्या दारांत उभा राहिला तो. पण स्वतःची बातमी घेऊन कधी गेला होता? भ्यायला असेल.”

“भ्याले असतील. पण यायचे ना रोज दारापर्यंत?”

दोघं हमरीतुमरीवर आली. ती दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिला दोन्ही खरं वाटत होतं, आणि निकाल लागायची घाई नव्हती. जणू वडील आतल्या खोलीत आहेत, आणि हा गोंधळ ऐकून आता बाहेर येऊन स्वतःच काय ते सांगतील.

“चालू आहे?” तिनं ढापण्याला हळूच विचारलं. त्यानं मान डोलावली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा तसाच होता.

काकूंना चहा आठवला. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थबकल्या, मागे वळल्या. “लावू का गं गॅस?”

“लावा ना, काकू.”

आत भांडं वाजलं. ती खुर्ची सरकवून काकांच्या जवळ बसली.

“त्या कढईचं पुन्हा सांगा, काका. अगदी पहिल्यापासून. कुठला हात पोळला म्हणालात?”

कुठला, ते तिला माहीत होतं.